डिस्चार्ज कार्ड कुणासाठी लिहिलं जातं? घणसोलीतल्या एका रुग्णाचे अकरा दिवस

हे प्रकरण कुठल्याही एका खऱ्या रुग्णाचं नाही. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात रुग्ण घरी जाताना ज्या चुका पुन्हा पुन्हा होतात, त्या एका कल्पित फाइलमध्ये एकत्र बसवल्या आहेत. आकडे वैद्यकीयदृष्ट्या एकमेकांशी जुळतील असे निवडले आहेत. रुग्णालयं दोन आहेत आणि दोन्ही निनावी. पहिलं ठाण्यातलं, खासगी, मध्यम आकाराचं.

रुग्ण आणि पहिला मुक्काम

घणसोली गावठाणातल्या ६२ वर्षांच्या काकू. रूमॅटिक आजारामुळे हृदयाची माइट्रल झडप अरुंद झाली आहे, हे दहा वर्षांपासून माहीत होतं. मधुमेह आणि रक्तदाबाची औषधं गावातल्याच फॅमिली डॉक्टरांकडून चालू. रविवारी रात्री दम लागला, पाय सुजलेले, नाडी मिनिटाला १५० आणि तीही अनियमित. मुलानं गाडी करून ठाण्याला आणलं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके), एक्स-रेत फुप्फुसात पाणी.

दोन दिवस आयसीयू, मग वॉर्ड. शिरेतून लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, लघवीचं माप ठेवायला कॅथेटर (नळी), नाडी आवरायला मेटोप्रोलॉल आणि डिगॉक्सिन. सोमवारी रात्रीपासून रक्त पातळ ठेवणारी गोळी, ॲसिनोकूमारॉल २ मिलिग्रॅम, जिला वॉर्डात सगळे ॲसिट्रॉम म्हणतात. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते मोजणारी तपासणी, न लागणारं नवं औषध का दिलं नाही, असं कुणी विचारेल. रूमॅटिक माइट्रल स्टेनोसिससोबतच्या (झडप अशी अरुंद असतानाच्या) एट्रियल फिब्रिलेशनमध्ये जुनीच औषधं सरस ठरतात. २०२२च्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हारोक्सॅबॅन हे नवं औषध त्यांच्या मागे पडलं. निवड बरोबर होती. वजन ६३ वरून ५८.४ किलोवर आलं. शुक्रवारचे रिपोर्ट: आयएनआर २.१, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) १.१, पोटॅशियम ४.६, हिमोग्लोबिन ११.४. उपचारांना नाव ठेवायला जागा नाही.

गुरुवारी सकाळी कॅथेटर काढला तेव्हा लघवी गढूळ होती, ताप ९९.८. आरएमओनं, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरनं, लघवी कल्चरला (कुठले जंतू आहेत आणि कुठलं औषध चालेल ते बघायला) पाठवली आणि फाइलमध्ये लिहिलं, ‘युरिन कल्चर सेंट’. त्या तीन शब्दांना पुढे वाचक मिळाला नाही.

शनिवारचे साडेआठ तास

सकाळी ९:४०ला कन्सल्टंटचा राउंड. “आज सोडूया. दोन आठवड्यांनी ओपीडीला बोलवा, येताना आयएनआर करून आणू दे.” १०:१५ला आरएमओनं समरी लिहायला घेतली, म्हणजे भरतीच्या वेळची नोंद उचलून नव्या साच्यात चिकटवली. अकरा वाजता उरलेली औषधं फार्मसीला परत. १२:२०ला फाइल टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था) डेस्कवर आणि तिथून विमा कंपनीकडे. दोन वाजता आरएमओची ड्यूटी बदलली. २:३५ला कंपनीची क्वेरी आली: आयसीयूत दोन दिवस ठेवण्याचं कारण द्या, इकोचा रिपोर्ट जोडा. दुपारच्या आरएमओनं काकूंना कधी तपासलं नव्हतं. त्यांनी फाइल चाळून आयसीयूचं समर्थन करणारा एक परिच्छेद वाढवला. ५:१०ला मंजुरी, ६:०५ला कार्ड मुलाच्या हातात.

संध्याकाळी ७:४०ला लॅबमधून कल्चरचा रिपोर्ट आला. ई. कोलाय, फॉस्फोमायसिन आणि नायट्रोफ्युरँटॉइन चालतील, को-ट्रायमॉक्साझोल चालणार नाही. खाट रिकामी होती. रिपोर्ट छापला गेला, फाइलला लागला आणि फाइलसोबत एमआरडीत, म्हणजे जुन्या नोंदी ठेवण्याच्या विभागात, गेला.

या दिवसात डिस्चार्ज समरी किती वेळा उघडली आणि कुणासाठी उघडली, ते मोजून पाहावं. एकदा साचा भरायला, एकदा बिलिंगला, एकदा टीपीएला, एकदा क्वेरीला. घणसोलीच्या डॉक्टरांना काय लागेल, हे मनात धरून ती एकदाही उघडली नाही. ही कुणा आरएमओची बेफिकिरी नव्हे. विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकानं अंतिम मंजुरीला तीन तासांची मुदत घातली. खाली नातेवाईक ताटकळलेले असतात, वर पुढचा रुग्ण खाटेसाठी थांबलेला असतो. पैसे देणारा वाचक प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत कागद अडवतो. फॅमिली डॉक्टरला कागद अडवता येत नाही, म्हणून त्याचे प्रश्न कागदात उतरत नाहीत.

चौथं पान

कार्ड चार पानांचं. पहिल्यावर तक्रारी आणि तपासणी, दुसऱ्यावर आयसीयूची हकिकत, तिसरं पान रक्ताच्या आकड्यांनी भरलेलं, त्यात नॉर्मल आलेलेही सगळे. औषधं चौथ्यावर, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, आठ ओळी: मेटोप्रोलॉल, डिगॉक्सिन, टॉरसेमाइड-स्पायरोनोलॅक्टोनची एकत्र गोळी, ॲसिट्रॉम, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, लोहाची गोळी, पँटोप्राझोल.

त्यातल्या दोन ओळी जवळून बघू.

‘टॅब ॲसिट्रॉम २ एमजी, ०-०-१, १५ डेज.’ औषध, मात्रा, वेळ, सगळं बरोबर. पण आयएनआर किती हवा (या रुग्णात २ ते ३), पुढचा कधी करायचा, डोस कोण बदलणार आणि पंधरा दिवसांनी स्ट्रिप संपली की काय, यातलं काही नाही. चार डोसनंतरचा २.१ हा आकडा स्थिर नसतो, तो अजून चढत असतो. सुरुवातीला तीन-चार दिवसांत आयएनआर पुन्हा बघावा लागतो, म्हणजे मंगळवार, फार तर बुधवार. कार्डावर तारीख होती ती फक्त ओपीडीची, दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारची.

‘टॅब लॅनॉक्सिन ०.२५, हाफ, १-०-०, ५/७.’ लॅनॉक्सिन म्हणजे डिगॉक्सिनच. हृदयरोगतज्ज्ञांच्या हातचं हे रोजचं लिखाण आहे: अर्धी गोळी, आठवड्यातले पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. पण ‘५/७’ची दुसरी जुनी रीतही आहे, तिच्यात त्याचा अर्थ नुसता ‘पाच दिवस’. घणसोलीच्या केमिस्टनं ती दुसरी रीत धरली आणि तीन गोळ्या कापून दिल्या. सहाव्या दिवशी डिगॉक्सिन बंद झालं. नशिबानं मेटोप्रोलॉल चालू होतं, नाडी शंभरच्या थोडी वर गेली, एवढ्यावर निभावलं.

आणि एक ओळ जी पानावर नव्हतीच: इकोस्प्रिन ७५. चार वर्षांपूर्वी कुणीतरी ‘हृदयासाठी’ म्हणून सुरू केलेली ॲस्पिरिन काकू रोज दुपारी घेत. सोमवारी ॲसिट्रॉम सुरू करताना ती बंद केली, तशी नोंद केस पेपरच्या रोजच्या टिपणात आहे. कार्डावर फक्त चालू औषधं येतात, त्यामुळे बंद केलेलं औषध कुणाला दिसत नाही. घरच्या डब्यात मात्र ते असतंच.

घरी

सिस्टरनं औषधं चार मिनिटांत समजावली, लिफ्टसमोर, मुलाला. मुलगा महापे एमआयडीसीत रात्रपाळीला. त्याच्या एका हातात बिलाची पावती होती आणि दुसऱ्यात आईचा हात. गोळ्या देणार होती सून, आणि ती घरी होती.

सुनेनं आपल्या परीनं नेटकं काम केलं. जुना डबा आणि नवं पान समोर ठेवून नावं लावली. टेल्मिसार्टनचा ब्रँड बदललेला, म्हणून दोन्ही स्ट्रिप घेऊन केमिस्टकडे गेली. त्यानं सांगितलं, “वहिनी, दोन्ही एकच, एकच द्या.” ५/७ला चुकलेल्या याच माणसानं इथे डबल डोस टाळला. इकोस्प्रिन पानावर नाही, हेही तिच्या लक्षात आलं. तिनं धरलं की रुग्णालयानं नवी औषधं लिहिली आहेत, आधीची आईंची चालूच राहणार. ज्या घरात वर्षानुवर्षं ‘बीपीची गोळी चुकवायची नाही’ हे बजावलेलं असतं, तिथे हा अंदाज चुकीचा म्हणता येत नाही.

लिफ्टसमोरच्या चार मिनिटांतलं एक वाक्य मुलानं घरी अचूक पोचवलं: “लोहाच्या गोळीनं शी काळी होते, घाबरू नका.” खरंच होते. त्याचे परिणाम पुढे येतात.

शुक्रवार, सहावा दिवस

गुरुवारपासून लघवीला जळजळ, रात्रीत पाच-सहा वेळा उठणं. शुक्रवारी रात्री सव्वाआठला काकू फॅमिली डॉक्टरांकडे. बीएएमएस, गावात वीस वर्षं दवाखाना, संध्याकाळच्या ओपीडीत बाहेर अजून बारा जण. मुलानं व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो पाठवला, तो फक्त चौथ्या पानाचा. कॅथेटर लावला होता, हे दुसऱ्या पानावर. कल्चर पाठवलं होतं, हे कुठेच नाही.

डॉक्टरांनी रुग्णालयाला फोन केला, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं. बोर्डाचा नंबर, तिथून वॉर्ड, वॉर्डातून उत्तर: “फाइल एमआरडीला गेली, सर उद्या ओपीडीत भेटतील.” सात मिनिटं गेली. मग त्यांनी को-ट्रायमॉक्साझोल डीएस १-०-१, पाच दिवस लिहून दिलं. स्वस्त आणि लघवीच्या जंतुसंसर्गावर वर्षानुवर्षं वापरलेलं औषध.

या एका गोळीनं तीन गोष्टी झाल्या. तिच्यातलं सल्फामेथॉक्साझोल यकृतातल्या सीवायपी २सी९ या एन्झाइमला अडवतं. त्याच वाटेनं ॲसिनोकूमारॉलची विल्हेवाट लागते, म्हणून तेवढ्याच डोसवर आयएनआर चढत जातो. तिच्यातलं ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडात पोटॅशियम बाहेर टाकण्याची वाट बंद करतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टन हेच काम आधीपासून करत होते. आणि तिसरं म्हणजे, जंतू तिला दादच देणार नव्हते. तो रिपोर्ट सहा दिवस आधी येऊन ठाण्यात पडला होता.

बुधवार, अकरावा दिवस

सोमवारपासून शी काळी. सुनेला वॉर्डातलं वाक्य आठवलं, घर निश्चिंत राहिलं. लोहानं शी काळपट-हिरवी होते, पण घट्टच राहते. पोटात रक्त गेलं की ती डांबरासारखी चिकट, पातळसर आणि उग्र वासाची होते. हा फरक सांगायला पंधरा सेकंद लागतात. मंगळवारी हातावर निळे डाग, बुधवारी पहाटे नाकातून रक्त, थांबेना. या वेळी जवळचं, नवी मुंबईतलं रुग्णालय गाठलं.

आयएनआर ८.८. हिमोग्लोबिन ७.९. पोटॅशियम ६.२, क्रिएटिनिन १.६. शिरेतून सावकाश व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम, प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स (रक्त गोठवणारे घटक), दोन पिशव्या रक्त. पोटॅशियमसाठी कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन आणि ग्लुकोज. दुर्बिणीनं जठरात वरवरच्या जखमा दिसल्या, बाकी काही नाही. दुसऱ्या रुग्णालयाकडेही चौथ्या पानाचा तोच फोटो होता. ॲस्पिरिन चालू आहे हे कळायला दुपार उजाडली, तीही सुनेनं डबा आणून टेबलावर उपडा केला तेव्हा. काकू पाच दिवसांनी घरी गेल्या.

चूक कुणाची, हा प्रश्न किती कामाचा

पहिल्या रुग्णालयाच्या आढावा बैठकीत पहिलं वाक्य अपेक्षित होतं तेच आलं: “ॲसिट्रॉमवर सल्फा कोण देतं?” त्यात तथ्य आहे. चौथ्या पानावर ॲसिट्रॉम आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही होते आणि ते पान डॉक्टरांच्या समोर होतं. पण त्यांनी फोन केला होता. त्या सात मिनिटांत पलीकडे कुणी असतं, तर काकूंना फॉस्फोमायसिनचं ३ ग्रॅमचं एक सॅशे मिळालं असतं आणि विषय संपला असता. शेवटचा माणूस चुकला म्हणून आधीचे पाच सुटत नाहीत.

हे फक्त इथलं दुखणं आहे असंही नाही. २००३ मध्ये ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात घरी गेलेल्या ४०० रुग्णांपैकी ७६ जणांना उपचारांतूनच काही ना काही इजा झाली होती, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा औषधांचा होता. २००५च्या अभ्यासात ४१ टक्के रुग्ण घरी गेले तेव्हा त्यांचा कुठला ना कुठला रिपोर्ट यायचा बाकी होता. २००७ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार पहिल्या भेटीच्या वेळी बाहेरच्या डॉक्टरच्या हातात समरी असण्याचं प्रमाण १२ ते ३४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांमुळे होणाऱ्या हानीविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा तीन अग्रक्रमांपैकी एक होता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारा रुग्ण.

आपल्याकडे नियमांची कमतरता नाही. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. एनएबीएचच्या (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) निकषांत समरीत निदान, तपासण्या, औषधं, पुढची भेट, तातडीची मदत केव्हा आणि कशी घ्यावी, हे सगळं लागतं. काकूंचं कार्ड या यादीला जवळपास उतरलं असतं. रकाने भरलेले होते.

एक पान, उलट्या बाजूनं लिहिलेलं

बैठकीतून निघालेली मुख्य गोष्ट म्हणजे दोन कागद वेगळे करणं. चार पानांची समरी टीपीएसाठी आणि फाइलसाठी, आहे तशीच. तिच्याशिवाय फॅमिली डॉक्टरच्या नावानं एक पान. काकूंसाठी ते शनिवारी असं असायला हवं होतं:

‘आपल्या रुग्ण रविवार ते शनिवार आमच्याकडे होत्या. रूमॅटिक माइट्रल स्टेनोसिस, नव्यानं एट्रियल फिब्रिलेशन, फुप्फुसात पाणी. तीन दिवस कॅथेटर. आता दम नाही. घरी जातानाचं वजन ५८.४ किलो, दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढल्यास कळवा.

सुरू केलं: ॲसिट्रॉम २ रात्री, पुढच्या सूचनेपर्यंत. मेटोप्रोलॉल ५० सकाळी. डिगॉक्सिन ०.२५ची अर्धी गोळी, सोमवार ते शुक्रवार, दर आठवड्याला. टॉरसेमाइड १०-स्पायरोनोलॅक्टोन ५० सकाळी. लोह, पँटोप्राझोल.

बंद केलं: इकोस्प्रिन ७५. ॲसिट्रॉमसोबत रक्तस्रावाचा धोका. डब्यातून काढायला सुनेला सांगितलं.

तसंच ठेवलं: टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००.

आपल्याकडून हवं: मंगळवारी आयएनआर, पोटॅशियम, क्रिएटिनिन. आयएनआर २ ते ३ हवा. त्याबाहेर गेल्यास डोस आम्ही फोनवर ठरवू.

टाळावं: को-ट्रायमॉक्साझोल, मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, डायक्लोफिनॅक व तत्सम गोळ्या.

बाकी: गुरुवारी पाठवलेलं लघवीचं कल्चर. रिपोर्ट आला की आम्ही फोन करू.

वॉर्डचा मोबाइल: चोवीस तास सिस्टरकडे.’

हे लिहायला नऊ-दहा मिनिटं लागतात, पण एका अटीवर: भरतीच्या वेळी घरची औषधं नोंदलेली असली पाहिजेत. नसतील तर ‘बंद’ आणि ‘तसंच’ या दोन ओळींसाठीच अर्धा तास जातो आणि मग त्या रिकाम्या राहतात. म्हणून कामाची सुरुवात शनिवारी होत नाही, रविवारी रात्री होते. कॅज्युअल्टीत नातेवाइकाला सांगायचं, “घरातला औषधांचा डबा जसाच्या तसा पिशवीत घालून सकाळी आणा.” यादी नको, डबाच हवा. यादीत इकोस्प्रिन विसरली जाते, डब्यात असते. चोवीस तासांच्या आत आरएमओनं प्रत्येक औषधापुढे ‘चालू’, ‘बदल’ किंवा ‘बंद’ लिहायचं आणि कारणाचा एक शब्द. भरतीच्या फॉर्मवर फॅमिली डॉक्टरांचं नाव आणि मोबाइल नंबर, आणि कागद त्यांना पाठवायला रुग्णाची सही.

पान आदल्या संध्याकाळी तयार करायचं. उद्या कोण जाणार याचा अंदाज कन्सल्टंटच्या संध्याकाळच्या राउंडला बहुतेक बरोबर येतो. सकाळी फक्त आकडे भरायचे, म्हणजे दुपारी दोनच्या ड्यूटी-बदलात अनोळखी हात लागत नाही. फार्मासिस्ट हे पान औषधांच्या चार्टशी ताडून बघतो. ‘५/७’, ‘एचएस’, ‘एसओएस’ अशी लघुरूपं तिथेच खोडली जातात.

प्रत्येक रुग्णासाठी फोन शक्य नाही आणि गरजही नाही. ठरलं ते असं: रक्त पातळ करणारं औषध, इन्सुलिन, डिगॉक्सिन, फिटचं औषध यांपैकी काही नव्यानं सुरू झालं असेल, नळी किंवा ड्रेन घेऊन रुग्ण घरी जात असेल, किंवा रिपोर्ट बाकी असेल, तर फोन. वेळ महत्त्वाची. दवाखाने सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते दहा चालतात. त्या वेळात केलेला फोन म्हणजे ‘हो, हो, पाठवा’. एक ते दीड या अर्ध्या तासात डॉक्टर हातात पेन घेऊन बोलतात. बोलणाऱ्यानं आधी धोका सांगायचा, मग मागणी, मग आजाराची हकिकत. आणि शेवटी पलीकडून आयएनआरची तारीख वदवून घ्यायची.

बाकी रिपोर्टांसाठी सॉफ्टवेअरची वाट न बघता एक लांब वही. तारीख, रुग्ण, काय पाठवलं, कधी येणार, कोण बघणार, कुणाला कळवलं. ‘कोण बघणार’ या रकान्यात ‘आरएमओ’ लिहायचं नाही, माणसाचं नाव लिहायचं. रोज दुपारी चारला इनचार्ज सिस्टर वही उघडतात. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ मिटत नाही. रविवारीही.

आणि लिफ्टसमोरचं समजावणं बंद. गोळ्या देणारी व्यक्ती समोर हवी, नाही तर व्हिडिओ कॉलवर. “समजलं ना?” असं विचारलं की उत्तर कायम “हो” येतं. त्याऐवजी, “वहिनी, उद्या सकाळी कुठल्या गोळ्या द्याल, काढून दाखवा बघू.” चुकीची स्ट्रिप हातात आली की तिथेच कळतं. ॲसिट्रॉम १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते. २ची संपली की केमिस्ट ४ची देऊन ‘अर्धी घ्या’ म्हणतो, म्हणून रिकामी स्ट्रिप फेकू नका आणि आकडा जुळवून घ्या, हेही तेव्हाच सांगायचं. पालेभाजी बंद करू नका, रोज साधारण तेवढीच ठेवा, हेही. गावठाणातल्या आगरी-कोळी घरांत श्रावणात मासळी थांबते, ताटात टाकळा, अळू, माठ वाढतात आणि आयएनआर खाली येऊ शकतो. श्रावण लागल्यावर आठवड्याभरात एक तपासणी जास्त, ही सूचना कुठल्याही छापील पत्रकात सापडणार नाही.

जे सुटलं नाही

फोन बरेचदा लागत नाही. काही रुग्णांना फॅमिली डॉक्टरच नसतो. दिव्यातून किंवा तुर्भे स्टोअर्समधून आलेला कामगार घरी म्हणजे थेट गावी जातो आणि पान कुणाच्या नावानं लिहायचं हेच कळत नाही. त्यांच्यासाठी तेच पान हिंदीत रुग्णाच्या हातात, एवढंच सध्या होतं. आभा क्रमांकाला (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाला) समरी जोडली तर रुग्णाच्या संमतीनं ती कुठेही उघडता येते, सोय चांगली आहे. पण जी समरी जोडली जाईल ती टीपीएसाठी लिहिलेली चार पानं असतील, तर घणसोलीत ती उघडूनही इकोस्प्रिनचा पत्ता लागणार नाही.

कन्सल्टंटांचा एक आक्षेप रास्त होता: ‘डोस आम्ही फोनवर ठरवू’ असं लिहिलं की रात्री साडेनऊला फोन येणार, तो कुणी घ्यायचा? वॉर्डचा मोबाइल सिस्टरकडे, सिस्टरनं ड्यूटीवरच्या आरएमओला, आरएमओनं आयएनआरच्या तक्त्यावरून उत्तर द्यायचं आणि ४.५च्या वर असेल किंवा कुठूनही रक्त येत असेल तरच कन्सल्टंटला उठवायचं, यावर तडजोड झाली.

काकूंची ॲसिट्रॉम रक्तस्रावानंतर दहाव्या दिवशी पुन्हा सुरू झाली, या वेळी १ मिलिग्रॅमपासून. आयएनआर दर वेळी एकाच लॅबमध्ये, आकडा सुनेनं कॅलेंडरवर लिहिलेला, शेवटचा २.४. डबा एकच, इकोस्प्रिन त्यात नाही. रुग्णालयाच्या संगणकातल्या साच्यात ‘५/७’ मात्र अजून आपोआप येतं. सॉफ्टवेअरवाल्यांकडे तक्रार टाकली आहे. तोवर फार्मासिस्ट छापील पानावर ते लाल पेनानं खोडतात आणि शेजारी लिहितात, ‘शनि-रवि बंद’.